पेटीवरचा लाल दिवा



पंचायतीच्या खोलीत भिंतीला एक पांढरी पेटी लावलेली आहे. तिच्यावर चार-पाच बारीक दिवे आहेत. मागे एकदा त्यातला एक दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला आणि तीन दिवस गावात एकही दाखला निघाला नाही. आमच्या आजीने सातबाऱ्यासाठी चार चकरा मारल्या. तेव्हा हा दिवा म्हणतो तरी काय, ते पाहू या.

गावात नेट येते ते काचेच्या तंतूतून. सर्व ग्रामपंचायती अशा तंतूने जोडायची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. ही काच मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी जाड असते. तालुक्याचे यंत्र तिच्यातून प्रकाशाची भराभर उघडझाप करते आणि आपली पेटी ती वाचते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना अपाय करू शकतो. म्हणून तुटलेल्या तंतूच्या टोकात कोणी डोकावू नये!

लाल दिव्याखाली इंग्रजीत ‘एलओएस’ अशी अक्षरे आहेत. आम्ही मुलांनी त्याला ‘लॉस’ म्हणजे तोटा समजून घेतले. फार चुकले नाही. प्रकाश पोचत नाही, असा त्याचा अर्थ. मग कॉम्प्युटर दहा वेळा बंद-चालू करून काय उपयोग? आमच्याकडे तेच चालले होते. दिवा लाल नसेल पण शेजारचा हिरवा नुसता लुकलुकत असेल, तर प्रकाश येतोय, पण तालुक्याच्या यंत्राने पेटीला अजून ओळखले नाही असे समजावे. सगळेच दिवे विझले असतील तर आधी लाईट आहे का ते बघा.

लाईनवाले काका आले. त्यांनी पेटीची हिरवी पिन काढून पुसली, वायर कुठे मुडपली आहे का ते पाहिले. फार वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. मग त्यांनी तालुक्याला फोन लावला आणि विचारले, “शेवटचा श्वास आला होता का?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो! ही गंमत खरी आहे. लाईट जाते तेव्हा पेटी विझता विझता, उरलेल्या थोड्याशा विजेवर, ‘मी चालले’ असा एक निरोप वर पाठवते. तो आला तर विजेचा दोष. आमचा निरोप आलाच नव्हता. शेजारची दोन्ही गावे चालू होती. म्हणजे तंतूच तुटलेला, आणि तोही आपल्या फाट्यावर.

पण कुठे? काकांनी एक यंत्र जोडले. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसे ते तंतूत प्रकाश सोडते आणि तुटक्या टोकावरून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. टोक एक किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त दहा भाग! यंत्राने आकडा दाखवला १३४० मीटर. केबलची वेटोळी जोडाच्या जागी गुंडाळून ठेवतात, म्हणून जमिनीवरचे अंतर त्याहून थोडे कमी धरायचे, असे काका म्हणाले.

आम्ही मोजत मोजत निघालो ते थेट आमच्याच केळीच्या बांधावर. ठिबकच्या पाइपासाठी नानांनी जेसीबीने चारी खोदली होती. खुणेचा दगड बाजूला आडवा पडलेला. नाना काहीच बोलले नाहीत. काकाही रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “खोदायच्या आधी एक फोन करायचा, भाऊ.”

तंतू स्पिरिटने पुसून, टोके सरळ कापून, विजेच्या ठिणगीने वितळवून जोडले. केसाएवढी दोन टोके समोरासमोर आणायला यंत्रच लागते. संध्याकाळी लाल दिवा विझला. दगड नानांनी स्वतः उभा केला आणि त्याला चुना लावला. आजीला उतारा दुसऱ्या दिवशी मिळाला.

— इयत्ता सातवी