धडकेचा दंड

मुलीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद दोन आठवडे लटकत होता. नातू अकरा वर्षांचा. त्याला मुलांच्या फुटबॉल संघात जायचे आहे आणि त्यासाठी आईवडिलांपैकी एकाची सही हवी. जावईबापू सही करायला केव्हाही तयार, मुलगी पेनाला हात लावायला तयार नाही. "बाबा, तुम्ही यात पडू नका," असे तिने मला पहिल्याच दिवशी बजावले होते. पण बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला सहीविना पडलेला कागद दिसला, की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. मी तो उभ्याउभ्याच वाचला. नियम होते, फी होती, आणि शेवटी डोक्याला मार बसला तर कोणती लक्षणे दिसतात याची यादी होती. फीच्या रकमेपेक्षा यादी लांब होती.

हे गाव पिट्सबर्ग. पोलादाचे बहुतेक कारखाने केव्हाच बंद पडले, पण 'स्टीलर्स' हा फुटबॉलचा संघ अजून गावाचे दैवत आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिकडे सॉकर. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हाती घेऊन पळायचे आणि पळणाऱ्याला समोरच्याने अंगावर झेप घेऊन लोळवायचे. लोळवणे हा नियमभंग नव्हे, तोच खेळ आहे. डोके खाली घालून हेल्मेटने हेल्मेटवर आदळलात, किंवा चेंडू झेलण्यात गुंतलेल्या, सावरायला वेळही न मिळालेल्या माणसाच्या डोक्या-मानेवर धडक दिलीत, तर मात्र गुन्हा. या दोहोंमधले अंतर कधीकधी अर्ध्या विताचे असते, आणि वेळ डोळ्याचे पाते लवण्याएवढा.

"आणि हे ठरवतो कोण?" एका रविवारी सामना पाहताना मी जावयांना विचारले. त्यांनी सांगितले, मैदानावरचा पंच पिवळा रुमाल टाकतो, पण तेवढ्याने प्रकरण मिटत नाही. पुढच्या आठवड्यात लीगच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत चित्रफिती पुन्हा पाहिल्या जातात आणि खेळाडूला दंडाचे पत्र जाते. मग त्यांनी जेम्स हॅरिसनची गोष्ट काढली. पिट्सबर्गच्या माणसाला ती सांगायला निमित्त लागत नाही.

१७ ऑक्टोबर २०१०. स्टीलर्सचा बचावपटू हॅरिसन याने क्लीव्हलँडचे दोन खेळाडू, जोशुआ क्रिब्ज आणि मोहम्मद मॅसाक्वाय, एकाच सामन्यात असे धडकवले, की दोघेही डोक्याला मार बसून मैदानाबाहेर गेले. पंचांनी एकाही धडकेला रुमाल टाकला नाही. सामन्यानंतर हॅरिसन म्हणाला, समोरच्याला दुखवायचे असते, जायबंदी करायचे नसते. दोन दिवसांनी मॅसाक्वायवरच्या धडकेबद्दल लीगने त्याला ७५,००० डॉलर दंड केला. त्या वेळच्या भावाने सुमारे ३३ लाख रुपये. त्याच रविवारच्या धडकांसाठी डन्टा रॉबिन्सन आणि ब्रँडन मेरीवेदर यांना प्रत्येकी ५०,०००. हॅरिसनने निवृत्तीची भाषा केली, एक दिवस सरावाला गेला नाही, मग परतला. पुढे अपिलात रक्कम कमी झाली, तरी त्या मोसमातला त्याचा एकूण दंड १ लाख डॉलरवर गेला.

इथवर ठीक. गंमत पुढे आहे. लीगच्या संकेतस्थळावरच्या दुकानात त्याच धडकेचे छायाचित्र विकायला होते. लहान आकाराचे सुमारे १५ डॉलर, मोठे २५० डॉलर. ओरड झाल्यावर चूक कबूल करून ते काढून टाकण्यात आले. जावईबापू हे सांगताना टीव्हीकडे पाहायचेही विसरले. "तुम्हीच सांगा, हा न्याय आहे?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण मला डॅरिल स्टिंग्ली आठवत होता. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ऑकलंडमध्ये, गुणतक्त्यात धरला न जाणारा एक सरावाचा सामना चालू होता. न्यू इंग्लंडचा स्टिंग्ली चेंडूसाठी झेपावला आणि ऑकलंडच्या जॅक टेटमने त्याला धडक दिली. स्टिंग्लीचे वय २६. मान मोडली ती कायमची. पुढची २८ वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीत काढली आणि २००७ साली तो गेला. त्या धडकेला रुमाल पडला नाही, दंडही झाला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती बसत होती. ज्या खेळात नियमाच्या आत राहून माणसाची मान मोडता येते, तिथे नियम बदलायला हवेत आणि ते मोडणाऱ्याला काहीतरी झोंबायलाही हवे. तेव्हा दंड असावा की नसावा, हा माझ्या मते प्रश्नच नव्हे. तो कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न आहे.

आमच्या बँकेची गोष्ट सांगतो. साखर कारखान्याच्या गावातली शाखा, साल १९८६ की ८७. दिवाळीआधी कामगारांना बोनस वाटायचा दिवस. रांग दारातून बाहेर, रस्त्यापर्यंत. मॅनेजर दर पाच मिनिटांनी केबिनमधून येऊन कॅशियरला म्हणत, "हात चालवा, हात चालवा!" संध्याकाळी कॅश जुळेना. तीनदा मोजली, टोकने तपासली, व्हाउचरे उलटीपालटी केली. १,००० रुपये कमी. कोणाला तरी शंभराच्या दहा नोटा जास्त गेल्या होत्या. नियमाप्रमाणे कमी पडलेली कॅश कॅशियरने भरायची. त्याला जोखमीचा भत्ता मिळतो तो त्यासाठीच. त्याने दोन दिवसांत पतपेढीतून कर्ज काढून पैसे भरले. त्या व्हाउचरवर अधिकारी म्हणून माझी सही आहे.

नियम चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. तो नसता तर रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर कॅश कमी पडली असती. त्या गृहस्थांनी पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक गड्डी दोनदा मोजली, हेही खरे. पण 'हात चालवा' म्हणणाऱ्याच्या खिशातून एक पैसा गेला नाही. रांगेचा वेग त्यांचा, तूट याची. सही करताना हे माझ्या मनात आले होते आणि मी काही बोललो नव्हतो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

हॅरिसनही काउंटरवरचाच माणूस. फरक इतकाच, की त्याचा करार सहा वर्षांसाठी ५ कोटी डॉलरच्या वर होता, म्हणून त्याच्यासाठी अश्रू ढाळायला मला जमत नाही. मला काळजी वाटते ती त्याच्या शेजारी बसणाऱ्या अनामिक पोराची. २०११ साली हेल्मेटच्या गैरवापराचा पहिल्या वेळचा दंड २०,००० डॉलर होता. नवख्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला ३,७५,०००, आणि तो १७ आठवड्यांत मिळायचा. म्हणजे आठवड्याला सुमारे २२,०००. एका धडकेत जवळजवळ आठवडाभराची कमाई गेली. वर्षाला ८५ लाख मिळवणाऱ्याला आठवड्याला ५ लाख मिळतात. त्याच्यासाठी तोच दंड चार टक्के. खेळाडू संघटनेने त्याच साली करारात एक कलम घालून घेतले: पहिल्या गुन्ह्याचा दंड आठवड्याच्या पगाराच्या २५ टक्क्यांहून आणि दुसऱ्याचा ५० टक्क्यांहून अधिक असेल, तर अपिलात तो कमी करून मागता येतो. चांगले कलम. पण ते अपील करणाऱ्यालाच मिळते. बँकेतही व्याजाची सवलत मागणाऱ्यालाच मिळायची. न मागणारे बहुधा तेच असत, ज्यांना तिची गरज होती.

आपल्या क्रिकेटमध्ये हे साधे आहे. पंचांशी हुज्जत घातली, तर मॅच फीच्या इतके टक्के कापले, असे आपण वाचतो. टक्के म्हटले की लहानमोठ्याला सारखेच लागते. लीगमध्ये ठरावीक आकडा आहे आणि दर वर्षी तो वाढतो. वसुली दानधर्मात आणि गरजू माजी खेळाडूंसाठी जाते, मालकांच्या गल्ल्यात नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

आणि 'हात चालवा' म्हणणाऱ्यांचे काय? २०११ च्या मेमध्ये मालकांनी ठरवले, की खेळाडूंचे दंड फार झाले तर क्लबलाही भुर्दंड बसेल. याच सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या संघात काय चालले होते, ते २०१२ साली उघडकीस आले. तिथे तीन मोसम एक चोरटा फंड होता. समोरच्याला गाडीवर घालून बाहेर न्यावे लागले तर १,००० डॉलर, तो सामन्यात परत आलाच नाही तर १,५००. लीगने क्लबला ५ लाख डॉलर दंड केला, मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना वर्षभर घरी बसवले. खेळाडूंवरची बंदी अपिलात उठली. दोष मुख्यतः वरच्यांचा, असे ठरले. माझ्या वाचनात तरी केबिनपर्यंत पोहोचलेला दंड तो एवढाच.

मुलीला मी यातले सगळे सांगितले नाही. डेव्ह ड्युअरसनचे तर मुळीच नाही. निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर हा माणूस होता. २०११ च्या फेब्रुवारीत त्याने छातीत गोळी घालून घेतली आणि मेंदू तपासणीसाठी द्यावा, असे लिहून ठेवले. मेंदू खरोखरच आजारी निघाला. त्या इजेचे दंडाचे पत्र कोणाला पाठवणार? ती एका धडकेची नव्हती, नियमात बसणाऱ्या कितीतरी धडकांची होती.

निघायच्या आदल्या दिवशी मुलीने दुसरा एक कागद आणला. 'फ्लॅग फुटबॉल'चा. यात पाडायचे नसते. कमरेला खोचलेली फीत ओढली, की पळणारा बाद. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे, असे तिने नवऱ्याला दोनदा ऐकवले. नातवाने विचारले, "आजोबा, फीत ओढण्यात काय मजा?" जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. मी चहाचा कप विसळायला उठलो.

विमानतळावर निघालो, तेव्हा दोन्ही कागद एकाच चुंबकाखाली होते.