एक तास म्हणजे अंधेरी ते गोरेगाव

कंटेनरच्या धंद्यात सगळं वीस फुटांत मोजतात. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराने, आपल्या जेएनपीटीने, २०२४-२५ मध्ये असे ७३ लाख टीईयू हाताळले. आकडा एवढा मोठा असला की डोळे तो वाचतात आणि पुढे सरकतात. म्हणून जरा रांग लावून पाहू. एका टीईयूची लांबी ६.०६ मीटर. सगळे एकामागे एक ठेवले तर ४४ हजार किलोमीटर भरतात. विषुववृत्ताचा घेर आहे ४० हजार ७५ किलोमीटर. पृथ्वीला पूर्ण वेढा घालून वर चार हजार किलोमीटर उरतात.

पण उपनगरातल्या माणसाला पृथ्वीपेक्षा पश्चिम रेल्वे जास्त ओळखीची. ७३ लाखांना ३६५ने भागलं की दिवसाचे २० हजार टीईयू येतात, म्हणजे १२१ किलोमीटर. चर्चगेट ते डहाणू रोड अंतर १२४. थोडक्यात, रोज चर्चगेटहून निघालेली रांग डहाणूच्या वेशीवर पोचते. तासाला ८३३ टीईयू, म्हणजे पाच किलोमीटर, अंधेरी ते गोरेगावपेक्षा किंचित जास्त. मिनिटाला चौदा.

यातला तासाचा आकडा लक्षात ठेवायचा. बंदरांमधली सगळी चुरस त्याच्याभोवती फिरते.

समुद्राच्या बाजूचे आकडे डोळे दिपवणारे आहेत, यात शंका नाही. २६ एप्रिल १९५६ला अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्युस्टनला निघालं तेव्हा त्यावर ५८ कंटेनर होते. ९ जून २०२५ला केरळात विळिंजमच्या धक्क्याला ‘एमएससी इरिना’ लागलं. त्याची क्षमता २४,३४६ टीईयू. एका जहाजातला हा माल चर्चगेटपासून मांडला तर डहाणू मागे टाकून गुजरातच्या हद्दीत शिरतो. शांघायने २०२४मध्ये पाच कोटी १५ लाख टीईयू हाताळले, म्हणजे सात जेएनपीटी.

आपल्या जेएनपीटीचा प्रतिस्पर्धी मात्र शांघाय नाही, कच्छमधलं मुंद्रा आहे. १९८९मध्ये सुरू झालेलं जेएनपीटी अनेक वर्षं देशात पहिलं होतं. २०२०-२१मध्ये मुंद्रा पुढे गेलं आणि २०२४-२५मध्ये ते ८० लाखांच्या पार पोचलं. त्याचं कारण खोल पाण्याइतकंच जमिनीवर सापडतं. दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थानच्या कारखान्यांना गुजरातचा किनारा जवळ पडतो. शिवाय गुजरातच्या बंदरांना एकावर एक कंटेनर चढवलेल्या रेल्वेगाड्या लवकर मिळाल्या. पिपावावहून अशी गाडी २००६मध्येच धावली. साध्या रेकवर ९० टीईयू जातात, दुमजलीवर १८०. दुमजली गाडी विजेच्या मार्गावरून न्यायची तर तार साडेसात मीटरच्या आसपास उंच हवी. नेहमीच्या मार्गावर ती एवढी उंच नसते. त्यासाठीच दादरी ते जेएनपीटी हा दीड हजार किलोमीटरचा मालवाहू मार्ग आखला. त्यात सर्वांत मागे राहिला तो वैतरणा ते जेएनपीटी हा सुमारे शंभर किलोमीटरचा तुकडा, नेमका आपल्या दाराशी.

तो तुकडा पूर्ण होईपर्यंत भार रस्त्यावर. जेएनपीटीच्या साधारण सहा कंटेनरांपैकी एक रेल्वेने जातो. उरलेले सगळे चाळीस फुटी धरले तरी ढोबळ हिशेबाने दिवसाला आठ हजारांवर ट्रेलरफेऱ्या होतात. वीस फुटी आणि रिकामे परतणारे ट्रेलर त्यात धरलेले नाहीत. भरलेली एक दुमजली गाडी असे नव्वद ट्रेलर रस्त्यावरून उचलते.

मरोळ-साकीनाक्याच्या कुठल्याही फॉरवर्डरला विचारा, तो बंदराच्या खोलीबद्दल बोलणार नाही, कटऑफबद्दल, म्हणजे जहाजासाठी कंटेनर गेटवर घेण्याच्या शेवटच्या वेळेबद्दल, बोलेल. वसईच्या कारखान्यात दुपारी स्टफिंग झालं, सील लागलं, ट्रेलर घोडबंदरने निघाला. गायमुखच्या घाटात वाहतूक अडली. पुढे ठाण्यात अवजड वाहनांची बंदीची वेळ आडवी आली. मुंब्रा, कळंबोली करत गाडी गेटवर पोचेपर्यंत कटऑफ उलटून तासभर झाला. बॉक्स राहिला. युरोप-अमेरिकेच्या बहुतेक सेवा आठवड्याला एक. म्हणजे घाटात गेलेल्या एका तासाची किंमत १६८ तास. मुलुंडला रेल्वेलगत कॉन्कॉर या सरकारी कंटेनर कंपनीचा डेपो उभा राहिला तोही याच हिशेबाने: कस्टम्सचं काम बंदराच्या गर्दीत न करता गावातच उरकावं.

आयातीचंही तेच. कस्टम्सच्या २०२३च्या देशव्यापी अभ्यासात बंदरांवर माल सुटायला सरासरी ८५ तास लागत होते. जेएनपीटीचा निम्मा माल आयातीचा धरून हे ८५ तास लावले, तर कुठल्याही क्षणी ३५ हजार टीईयू नुसते थांबलेले, म्हणजे दोनशे किलोमीटरहून लांब रांग. यातला एक तास वाचवला की अडीच किलोमीटरची रांग नाहीशी होते, अंधेरीहून जोगेश्वरी ओलांडेल इतकी. एकही नवा धक्का न बांधता.

आता पालघर जिल्ह्यात वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ला त्याची पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे. मच्छीमारांचा विरोध जुना आहे, आणि डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित आहे. बंदर पूर्ण झाल्यावरची क्षमता वर्षाला दोन कोटी ३२ लाख टीईयू. म्हणजे दिवसाला ३८५ किलोमीटर, चर्चगेट-डहाणू तीनदा आणि वर थोडं.

वीस मीटर खोल पाणी असल्याने जगातली सर्वांत मोठी जहाजं वाढवणला लागतील, हे खरं. पण पूर्ण क्षमतेवर त्याचा एक तास सोळा किलोमीटरचा असेल, अंधेरीहून दहिसरच्या पुढे जाणारा. त्या तासाचा माल वाहून न्यायला महामार्गापर्यंतचा सुमारे ३२ किलोमीटर रस्ता आणि मालवाहू मार्गाला जोडणारा सुमारे बारा किलोमीटर रेल्वेचा फाटा आखला आहे. मुंद्र्याशी शर्यत वाढवण जिंकणार की नाही, हे धक्क्यावरच्या क्रेनपेक्षा या ४४ किलोमीटरांवर जास्त ठरेल.