रस्ता आणि शिवार (भाग ६) : उरलेल्या शेताचा हिशेब

मागच्या भागात आपण अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतची वाट पाहिली. मोजणी कशी होते, हरकती कुठे घ्यायच्या, रेडी रेकनरच्या चौपट किंवा पाचपट रक्कम कशी निघते, हे त्यात आले. त्या साऱ्या हिशेबात मोजली जाते ती रस्त्यात जाणारी जमीन. या आठवड्यात रस्त्यात न गेलेल्या जमिनीकडे वळू. महामार्गाच्या आखणीत खातेदाराची सगळी जमीन जाते असे फार वेळा होत नाही. बहुतेकांची थोडी जाते आणि थोडी उरते. शेतीचे जास्त काळ टिकणारे नुकसान या उरलेल्या जमिनीत होते, आणि मोबदल्याच्या कागदावर तिच्यासाठी बहुधा एक ओळसुद्धा नसते.

आधी आकार लक्षात घेऊ. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे आणि १० जिल्ह्यांतून जातो. त्याचा पट्टा साधारण १२० मीटर रुंद आहे. म्हणजे एका किलोमीटरला १२ हेक्टर, जवळजवळ ३० एकर जमीन लागते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढे शेत चौरस धरले तर त्याची एक बाजू ११६ मीटर भरते. रस्ता नेमका त्यावरून गेला तर सरासरी शेतकऱ्याचे पूर्ण शेत पट्ट्याखाली जाईल. प्रत्यक्षात पिढ्यान् पिढ्यांच्या वाटण्यांमुळे शेते लांबट, अरुंद झालेली असतात आणि रस्ता त्यांना तिरका कापतो. म्हणून एकाच वेळी कितीतरी जास्त खातेदार बाधित होतात आणि प्रत्येकाच्या हाती वेडावाकडा तुकडा उरतो.

समजा, एका शेतकऱ्याचा तीन एकरांचा, म्हणजे १२० गुंठ्यांचा बागायती गट आहे. रस्त्यात ४० गुंठे गेले. एका बाजूला ५५ गुंठे उरले, त्यात विहीर आहे. पलीकडे २५ गुंठ्यांचा त्रिकोणी तुकडा उरला. मोबदला ४० गुंठ्यांचा मिळाला, तोही चांगल्या दराने. कागदावर त्याच्याकडे अजून दोन एकर बागायत आहे.

आता पलीकडच्या २५ गुंठ्यांचे काय होते ते पाहा. विहिरीवरची पाइपलाइन रस्त्याच्या भरावाखाली तुटली. पाणी पलीकडे न्यायचे तर रस्त्याच्या पोटातून पाइप टाकायला परवानगी हवी. ती नाही मिळाली तर बागायत तुकडा एका हंगामात जिरायत होतो. समृद्धीसारख्या द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असते, त्यामुळे रस्ता ओलांडून जाता येत नाही. जवळचा भुयारी मार्ग दोन किलोमीटरवर असेल, तर बैलजोडी किंवा ट्रॅक्टर घेऊन जाऊन-येऊन चार किलोमीटर होतात. एवढे करून तिथे पोहोचल्यावर तुकड्याला वाट नसते, कारण जुनी पाणंद रस्त्याने कापलेली असते आणि शेजाऱ्याच्या बांधावरून जावे लागते. त्रिकोणी शेतात ट्रॅक्टर वळवताना कोपरे पडीक राहतात. ठिबकच्या नळ्या तुकड्यांत टाकाव्या लागतात. औताचा, मजुरीचा, वाहतुकीचा खर्च वाढतो. दोन-तीन वर्षांत शेतकरी हिशेब करतो आणि तो तुकडा पेरणे सोडून देतो. सातबाऱ्यावर जमीन कायम असते, घरात तिचे पीक येत नाही.

यात एक विसंगती आहे. शेतीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून महाराष्ट्रात १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे असे ठरले. लहान तुकड्यावर शेती परवडत नाही हे शासनाने मान्य केलेले तत्त्व आहे. तेच तत्त्व रस्त्याने पाडलेल्या तुकड्यांनाही लावायला हवे. जो तुकडा कसण्याजोगा उरत नाही तो शेतकऱ्याची मागणी असेल तर त्याच दराने घेतला पाहिजे.

दुसरा भाग पाण्याचा. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी उतारावरून पसरून वाहते. त्याला ठरावीक ओढा असतोच असे नाही. शेतकऱ्याला मात्र माहीत असते की जोराचा पाऊस झाला की पाणी कुठल्या बांधावरून उतरते. महामार्गाचा भराव हे पसरट पाणी अडवतो आणि मोऱ्यांच्या तोंडाशी गोळा करतो. मोरी कमी पडली किंवा चुकीच्या जागी बसली, तर वरच्या बाजूच्या शेतात पाणी साचते. काळ्या मातीत ते लवकर उतरत नाही, वाफसा येत नाही, तूर आणि कपाशी मुळाशी कुजते. दरवर्षी असे झाले की चांगली जमीन चिबड होते. खालच्या बाजूला उलटे घडते. पूर्वी शिवारभर पसरणारे पाणी एका मोरीतून वेगाने सुटते, बांध फोडते आणि वरची माती घेऊन जाते.

जिथे रस्ता खोदून खाली नेला जातो तिथे विहिरींचा प्रश्न येतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकात भूजल बरेचसे वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत असते. शेतातली विहीर त्याच झऱ्यांवर चालते. शेजारी खोल खोदकाम झाले की ते पाणी उघड्या बाजूने वाहून जाऊ शकते आणि आठमाही विहीर दिवाळीलाच तळ गाठते. अशा विहिरीची एक इंच जागाही संपादित झालेली नसते, म्हणून तिचे नाव निवाड्यात नसते.

रस्त्याचे काम पाण्याच्या बाजूनेही करता येते, याचा पुरावा याच राज्यात आहे. महामार्गाच्या भरावाला लागणारा मुरूम आणि माती तलाव, नाले, शेततळी खोल करून घ्यायची, म्हणजे ठेकेदाराला माल मिळतो आणि गावाला पाणीसाठा, ही पद्धत बुलढाणा पॅटर्न म्हणून देशभर ओळखली गेली. पूल बांधताना त्यालाच बंधाऱ्याची जोड देण्याचे प्रयोगही झाले आहेत. अडचण तंत्राची नाही. आराखडा करणाऱ्याने कामाआधी शिवारात जाऊन पावसाचे पाणी कुठून उतरते हे विचारले पाहिजे, एवढीच गोष्ट आहे, आणि ती फार ठिकाणी होत नाही.

तिसरा भाग शहराचा. रस्त्यामागोमाग प्लॉटिंग येते आणि लोक म्हणतात, उरलेल्या जमिनीला सोन्याचा भाव आला, नुकसान कसले? भाव वाढतो हे खरे आहे. पण तो भाव विकणाऱ्याला मिळतो, कसणाऱ्याला नाही. ज्याला शेतीच करायची आहे त्याच्याभोवती एकेक गट विकला जातो. मजूर बांधकामावर जातात. सोसायट्यांच्या खोल बोअर सुरू झाल्या की विहीर आटते. ओढ्यात सांडपाणी येते, चारीत प्लास्टिक अडकते, चराईची गायराने नाहीशी होतात. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्या गावांत आणि त्यापलीकडच्या पट्ट्यात हे चित्र कुणालाही दिसेल. वाटेकरी आणि शेतमजूर यांचे तर काहीच वाढत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्यांना बाधित कुटुंबात धरले आहे, पण बटाई तोंडी असते, कागद नसतो, आणि कागद नसलेला माणूस यादीत येत नाही.

शहराचा परिणाम रस्त्यापुरताही थांबत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. त्यातले पाणी पुण्याला पिण्यासाठी आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला कालव्याने जाते. शहर जसे वाढले तशी त्याची मागणी वाढली आणि कालव्याच्या आवर्तनांवर दरवर्षी ओढाताण होऊ लागली. इंदापूरच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचा एक गुंठाही पुण्याने घेतलेला नाही, तरी त्याच्या उसाचे पाणी पुण्याच्या गरजेशी बांधलेले आहे.

मग कायदा याबद्दल काय सांगतो? शेतकऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही अशी तरतूद त्यात आहे. २०१३ च्या कायद्याच्या कलम २८ नुसार मोबदला ठरवताना जमिनीचे तुकडे पडल्यामुळे होणारे नुकसान आणि उरलेल्या मालमत्तेवर किंवा उत्पन्नावर होणारा वाईट परिणाम विचारात घ्यायचा असतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३-जी मध्येही हीच तरतूद आहे, आणि रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. त्याच कायद्यात अधिसूचनेनंतर हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. वाट अडली किंवा नैसर्गिक प्रवाह अडवला गेला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि शेजाऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. हक्क आहे. पण तो मागावा लागतो, आणि मागायचा तर मोजणीच्या दिवशी त्याची नोंद झालेली असावी लागते.

थेट खरेदीत ही काळजी आणखी घ्यायला हवी. समृद्धीसाठी सुरुवातीला भूसंचयाची (लँड पूलिंगची) योजना आली, सिन्नर तालुक्यातील शिवडेसारख्या गावांनी २०१७ मध्ये तीव्र विरोध केला आणि पुढे पाचपट दराने थेट खरेदीचा मार्ग स्वीकारला गेला. अशा व्यवहारात दर ठरतो आणि खरेदीखतावर सही होते. उरलेल्या तुकड्याचे, वाटेचे, पाइपलाइनचे त्यात लिहिलेले नसेल, तर नंतर मागायला फार कमी आधार राहतो.

म्हणून आज पुणे रिंग रोड, पुरंदरचा विमानतळ किंवा पवनार ते पत्रादेवी असा सुरुवातीला ८०२ किलोमीटरचा आखलेला शक्तिपीठ महामार्ग, यांच्या आखणीत ज्यांची शेते आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा, घरातल्या बायकांनाही सोबत न्या. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडे यांची नोंद अहवालात झाली का ते वाचूनच सही करा. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आणि पिकांची नोंद ई-पीक पाहणीत आजच तपासा. गटाच्या नकाशावर पाण्याचा उतार, जुनी पाणंद आणि उरणारे तुकडे रंगवा, त्याची प्रत हरकतीला जोडा आणि पोच घ्या. मोरी आणि भुयारी मार्ग कुठे हवा, याचा ग्रामसभेचा ठराव भराव पडण्याआधी करा. नंतर केलेला ठराव रस्ता हलवू शकत नाही.

आणि शासनाकडे मागणी एकच आहे : निवाड्यासोबत प्रत्येक गटाच्या उरलेल्या जमिनीचा तक्ता सक्तीचा करा. तुकड्याचे क्षेत्र, त्याला वाट आहे का, पाणी आहे का, निचरा कुठे, एवढे चार रकाने पुरेत. ते भरल्याशिवाय भूसंपादन पूर्ण झाले असे म्हणू नये.

पुढच्या भागात : गुंठेवारी, प्लॉटिंग आणि फसलेले खरेदीदार.