स्मार्टफोन उद्योगाची वाढ आणि भागधारकाचा वाटा

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. देशातील हे अशा प्रकारचे पहिले संभाषण होय. त्या वेळी संच परदेशातून येत असत. २०१४-१५ साली देशात सुमारे १८ हजार कोटी रुपयांचे भ्रमणध्वनी संच तयार झाले. २०२४-२५ मध्ये हे उत्पादन ५ लाख ४५ हजार कोटींच्या घरात गेले आणि निर्यातीने २ लाख कोटींचा टप्पा गाठला. २०२० साली केंद्र शासनाने जाहीर केलेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेचा या प्रगतीत मोठा वाटा आहे. आधारभूत वर्षापेक्षा जी विक्री वाढेल तिच्यावर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन, असे तिचे स्वरूप होते. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहास २०२२ साली मंजुरी मिळाली, तीही याच काळात.

असे आकडे वाचनात आले की, या उद्योगात आपलीही बचत गुंतवावी असा विचार सामान्य माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. देशातील डीमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींवर गेली, ती मार्च २०२४ पर्यंत १५ कोटींच्या पुढे पोहोचली. या नव्या खातेदारांत प्रथमच शेअर बाजाराकडे वळलेली मंडळी पुष्कळ आहेत. उद्योगाची भरभराट आणि त्या उद्योगातील समभागाची भरभराट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आरंभीच समजून घेणे आवश्यक ठरते.

मुळात हे समभाग मिळतात कोठे? ॲपलचे समभाग अमेरिकेतील, सॅमसंगचे दक्षिण कोरियातील, तर शाओमीचे हाँगकाँगमधील बाजारात नोंदलेले आहेत. भारतात मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या व्हिवो आणि ओप्पो या कंपन्यांचे समभाग कोणत्याच बाजारात मिळत नाहीत. कर्नाटकातील नरसापूर येथील विस्ट्रॉनचा आयफोन कारखाना २०२३ साली विकत घेणारी टाटा इलेक्ट्रॉनिक्सही बाजारात सूचिबद्ध नाही. नावातील साम्यावरून त्याच समूहातील दुसऱ्याच कंपनीचे समभाग घेणारे काही कमी नसावेत! मुंबईच्या बाजारात उपलब्ध आहेत ते प्रामुख्याने इतरांच्या नाममुद्रेचे संच कंत्राटी पद्धतीने जुळवून देणाऱ्या कंपन्यांचे समभाग.

या जुळवणीच्या धंद्याचे अर्थकारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. संचातील पडदा, प्रक्रियक, स्मृतिचिप आणि कॅमेरा हे महागडे भाग बहुतांशी आयात होतात. त्यांची किंमत जुळवणी करणाऱ्याच्या विक्रीत दिसते, परंतु ते पैसे पुरवठादाराकडे जातात. या व्यवसायातील डिक्सन टेक्नॉलॉजीज या प्रमुख भारतीय कंपनीची २०२३-२४ मधील विक्री १७,६०० कोटी रुपयांहून अधिक होती. करोत्तर नफा मात्र ३७५ कोटींच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे दोन रुपये होता. कंपनी कार्यक्षम नाही, असा याचा अर्थ नव्हे. या धंद्याची जातच अशी आहे. मोठा ग्राहक दुसरीकडे वळला, तर हे दोन रुपयेही धोक्यात येतात. सुट्या भागांचे उत्पादन देशातच व्हावे यासाठी मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर झाली, ती हीच उणीव लक्षात घेऊन.

वाढत्या उद्योगातही भागधारक कसा बुडतो, याचा दाखला नोकिया आणि ब्लॅकबेरी यांच्या इतिहासात सापडतो. २००७ साली जगात खपणाऱ्या दर पाच संचांपैकी जवळजवळ दोन नोकियाचे असत. त्याच वर्षी आयफोन आला, पुढील वर्षी अँड्रॉइड आले. पुढील काही वर्षांत स्मार्टफोनचा खप अनेक पटींनी वाढला. नोकियाला मात्र आपला संचनिर्मिती व्यवसाय २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या स्वाधीन करावा लागला आणि तमिळनाडूतील श्रीपेरंबुदूर येथील तिचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. ब्लॅकबेरीचा समभाग २००८ च्या मध्यास १४० डॉलरांच्या वर होता, तो २०१३ च्या अखेरीस आठ डॉलरांच्या खाली आला. ग्राहक वाढत होते, पण ते दुसऱ्याच्या दुकानात जात होते.

शिवाय जागतिक खपही आता पूर्वीच्या वेगाने वाढत नाही. २०१६ साली सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात आले होते, २०२३ साली ११७ कोटी. लोक जुना संच अधिक काळ वापरू लागले आहेत.

भावाचा प्रश्न याहूनही महत्त्वाचा. एखाद्या समभागामागे वर्षाला १० रुपये नफा असेल आणि त्याचा भाव १,००० रुपये असेल, तर घेणारा आजच्या दराने शंभर वर्षांचा नफा आधीच मोजत असतो. या क्षेत्रातील काही समभागांना असे भाव मिळालेले आहेत. अशा भावात भविष्यातील वाढ अगोदरच धरलेली असते. वाढ झाली, पण अपेक्षेहून थोडी कमी झाली, तरी भाव कोसळतो. प्रोत्साहन योजना मुदतबंद असते, म्हणून प्रोत्साहनाची रक्कम वजा करून नफा किती उरतो, हे वार्षिक अहवालात तपासावे. काही मोजक्या ग्राहकांवर विक्री किती अवलंबून आहे, तेही पाहावे.

समाजमाध्यमांवरून ‘खात्रीचे’ समभाग सुचविणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट झाला आहे. मोबदला घेऊन गुंतवणूक सल्ला देणाऱ्यास सेबीची नोंदणी असणे बंधनकारक आहे. हा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पडताळता येतो आणि नोंदणीकृत दलाल, सल्लागार वा सूचिबद्ध कंपनीविरुद्धची तक्रार ‘स्कोअर्स’ या प्रणालीवर दाखल करता येते.