म्हातारपण, नगरपालिका आणि आपली वस्ती

शहर म्हाताऱ्या माणसांना राहण्याजोगे कसे करावे, हा प्रश्न आपल्या चळवळीने आजवर आपला मानलेला नाही. अत्याचार, जमीन, शिक्षण, राखीव जागा ह्या प्रश्नांपुढे तो मऊ वाटतो. पेन्शनीत निघालेल्या पांढरपेशा गृहस्थांचा वाटतो. बागेतला बाक, सकाळचे फिरणे, विरंगुळा केंद्र असे चित्र डोळ्यांसमोर येते आणि आपण पुढे जातो. इथेच आपली चूक होते. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न वस्तीतून पाहिला तर तो पायरी, पाणी, दाखला आणि मुतारी यांचा प्रश्न आहे. यांतला एकही शब्द आपल्या इतिहासाला नवा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वयस्नेही शहरांविषयी एक मार्गदर्शिका काढली. जगातल्या ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती तयार झाली. भारतातली दिल्ली आणि उदयपूर त्यांत होती. मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, मान, सार्वजनिक जीवनात भाग, माहिती, आरोग्यसेवा अशा आठ कलमांत तिने हा विषय मांडला. कलमे चांगली आहेत. त्यांत जात नाही. ती आपली खास मालमत्ता, जगाने तिची दखल कशाला घ्यावी? पण म्हणूनच ती कलमे जशीच्या तशी उचलून आपले भागत नाही. पहिली अडचण वयापासूनच सुरू होते.

माझ्या थोरल्या आत्याला जन्मतारीख नाही. शाळेत गेली नाही, म्हणून शाळेचा दाखला नाही. ती म्हणते, “बाबासाब गेलं तवा मी आईच्या कडंवर हुते. आई रडती म्हणून मीबी रडत हुते, आसं समदी सांगायची.” ६ डिसेंबर १९५६ रोजी कडेवर असलेले मूल वर्ष-दोन वर्षांचे, म्हणजे तिचा जन्म १९५५च्या आसपासचा. दुसरी खूण १९७२च्या दुष्काळाची. तेव्हा ती लग्न होऊन सासरी आलेली होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. दोन्ही खुणा एकमेकींशी जुळतात. पण आधार कार्ड काढणाऱ्या पोराने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि १ जानेवारी १९६६ अशी तारीख टाकली. (वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्या वस्तीत जेवढ्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस पडतात, तेवढे उरलेल्या वर्षात पडत नाहीत.)

श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्टीला मिळते. आधारच्या हिशेबाने आत्या पासष्टीला पोचणार २०३१ साली. तेव्हा ती खरोखर पंचाहत्तरीच्या पलीकडे गेलेली असेल. मामा हयात आहेत, म्हणून विधवांच्या कलमातही ती बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात सांगितले, की आधार हा वय ठरवण्याचा पुरावा नव्हे. त्याहून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य. न्याय योग्यच आहे. पण ज्यांना शाळेतच घेतले नाही, किंवा घेतले तरी बसू दिले नाही, त्यांनी सोडल्याचा दाखला कोठून आणावा? कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ह्या योजनेच्या नियमांत शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखलाही चालतो. तो मागायचा असतो हे वस्तीत कोणी सांगत नाही, आणि खिडकीमागचा कारकून आधारच मागतो.

आता ह्या निवृत्तिवेतनाचा हिशेब पाहू. २०२३पासून ते महिना १,५०० रुपये झाले. पण त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली आहे २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहून कमी. एवढ्यात कोणते कुटुंब जगते? म्हणजे योजनेत बसायचे तर म्हाताऱ्या माणसाने आधी खोटे बोलले पाहिजे. जिने आयुष्यभर सरळ कष्ट केले तिला शेवटी सरकारच्या दारात लबाडी शिकवणारी ही व्यवस्था आहे.

‘निवृत्ती’ हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. ज्याला नोकरी होती तो निवृत्त होतो. आपली माणसे निवृत्त होत नाहीत, फक्त थकतात. रविवारी सांगोल्याचा जनावरांचा मोठा बाजार भरतो. केरसुण्या, दोर, एखादे शेरडू घेऊन म्हाताऱ्या बायका पहाटेच निघतात. मुतारी जवळ नसली की त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि इकडचे ऊन तर आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा बाजारात सावली, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी दार लागणारी मुतारी ह्या तीन गोष्टी झाल्या तर त्या बागेतल्या शंभर बाकांहून जास्त उपयोगाच्या आहेत. बागेत जायला आमच्या आत्याला रविवारही मोकळा नसतो.

कायदे नाहीत असे नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. त्याचे नियम जून २०१७मध्ये निघाले. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना चढता येतील अशा करायच्या होत्या. ती मुदत २०२२ साली संपली. उतार बांधण्याचे साधे गणित आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट लागतात. पुष्कळदा दाराशी सहा फुटांत उतार उरकलेला दिसतो. त्यावरून धडधाकट माणूसही घसरेल, पण कागदावर उतार झालेला असतो. हे नवे नाही. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, आणि तोही बाबासाहेब हजारोंसह चालत गेले तेव्हा. ठराव आणि पाणी यांच्यात तीन वर्षांचे अंतर होते. आज ते अंतर कचेरीच्या पायऱ्यांत मोजावे लागते.

दुसरा कायदा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, २००७चा. सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणाकडे करावा लागतो, आणि सांगोल्याचे प्रांत बसतात मंगळवेढ्याला. २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, हे खरे. पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असते, त्याला सवलतीचा उपयोग नाही. मंगळवेढ्याचे नाव आले की चोखोबा आठवतातच. गावाचे कुसू बांधण्याच्या कामावर वेठीला धरलेला तो म्हातारा त्याच कुसवाखाली गाडला गेला, असे परंपरा सांगते. गावे ज्यांनी बांधली त्यांच्या म्हातारपणाचा विचार गावांनी कधी केला होता?

आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. पोरे पुण्या-मुंबईला गेली. मीही शिकून वस्तीबाहेर राहायला गेलो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत म्हाताऱ्यांना आपण पुढे बसवतो, आणि हयातीच्या दाखल्यासाठी त्या एकट्या रांगेत उभ्या असतात. विहारात महिन्यातून एक दिवस तलाठी, बँकेचा माणूस आणि डॉक्टर यांना बोलावले तर किती खेपा वाचतील? त्याला अनुदान लागत नाही, मागे लागणारी दोन पोरे लागतात.

गेल्या महिन्यात आत्याला घेऊन वयाच्या दाखल्यासाठी गेलो. डॉक्टरांनी दात पाहिले, गुडघे पाहिले, १९७२चे विचारले आणि सत्तरीच्या आसपास असे लिहिले. तो कागद घेऊन आम्ही एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर गेलो. मधल्या वळणावर आत्या दोनदा बसली. “खडी फोडताना बी आसं बसू देत नव्हते,” म्हणाली. कारकुनाने पुन्हा आधारच मागितले. मी नियम दाखवला. अर्ज घेतला आहे. निर्णय व्हायचा आहे; पोच तेवढी शिक्क्यासह घेऊन ठेवली आहे.