कॅमेऱ्याची बॅटरी : कंपनीची की पेन्सिल सेल?

गोरेगावच्या आरे कॉलनीत आणि तिला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचे फोटो काढायला माणूस लागत नाही. झाडाला बांधलेले कॅमेरा ट्रॅप ते काम करतात. अशाच फोटोंतील ठिपक्यांवरून या परिसरात २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबटे मोजले गेले. जंगलात लावायचे असे बरेच कॅमेरे साध्या पेन्सिल सेलवर, म्हणजे ‘एए’ आकाराच्या सेलवर चालतात. सकाळी आरेत पक्षी टिपायला येणाऱ्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात मात्र त्या त्या कंपनीची लिथियम-आयन बॅटरी असते. ती ऐनवेळी उतरली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पेन्सिल सेल मिळतात.

ताकद कोणाची जास्त? नुसते ‘एमएएच’चे आकडे ताडून ते कळत नाही, व्होल्टने गुणावे लागते. २००० एमएएचचे १.२ व्होल्टचे दोन रिचार्जेबल सेल ४.८ वॅट-तास ऊर्जा देतात, ३.७ व्होल्टची १००० एमएएचची बॅटरी ३.७. मात्र त्या दोन सेलचे वजन पन्नास ग्रॅमच्या पुढे जाते, बॅटरीचे साधारण निम्मे. कंपन्या लिथियमकडे वळल्या त्या यामुळे. (आपली बॅटरी दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात बसू नये, हा हिशेबही असतोच.)

पूर्वीचे निकेल सेल कपाटात पडल्या पडल्या उतरत. २००५ पासून मिळू लागलेले कमी गळतीचे निकेल-मेटल-हायड्राइड सेल वर्षभरानंतरही बराचसा चार्ज टिकवतात. जुना कॅमेरा किंवा फ्लॅश असेल तर हेच घ्यावेत. जोड्या मोडू नयेत. नवा-जुना सेल एकत्र घातला की अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि कायमचा बिघडतो.

घरातले बीपीचे यंत्रही बहुधा याच आकाराच्या सेलवर चालते आणि कॅमेऱ्याचे सेल सर्रास त्यात जातात. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा. काही यंत्रांना ते चालतात, काहींना नाही. माहितीपुस्तिका पाहावी. बॅटरी उतरल्याचे चिन्ह दिसत असताना आलेल्या आकड्यावरून गोळी कमी-जास्त करू नये. सेल बदलून, पाच मिनिटे बसून पुन्हा मोजावे.

सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकले की शॉर्ट होऊन तापतात, मांडी भाजते. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई काही लावू नये. प्लॅस्टिकची छोटी डबी दहा-वीस रुपयांना मिळते.

लिथियम बॅटरीचा धोका यापेक्षा मोठा आहे. तिच्यात जास्त चार्जिंग रोखणारे सर्किट असते. स्वस्त नकली बॅटरीत ते असेलच असे नाही. त्यामुळे इथे काटकसर नको. एक जादा बॅटरी घ्यावी, पण अस्सल. विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. उशीजवळ किंवा गादीवर चार्ज करू नये. बॅटरी फुगली तर दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. धूर आला तर सगळ्यांनी खोलीबाहेर पडून १०१ ला फोन करावा, कारण तो धूर फुफ्फुसांना घातक असतो.

फुगलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत टोकांना चिकटपट्टी लावून ती वाळूच्या डब्यात, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवावी.