विद्युत् दाब नियामक, ध्वनि-परिवर्तकातील

अंकांच्या रूपात साठविलेल्या ध्वनीचे पुन्हा सलग बदलणाऱ्या विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या साधनाला अंकीय-सदृश ध्वनि-परिवर्तक म्हणतात. या साधनाला लागणारा एकदिश विद्युत् दाब ठराविक मूल्यावर स्थिर राखणारे मंडल म्हणजे त्यातील विद्युत् दाब नियामक होय. घरी परिवर्तक बांधणारे हौशी लोक मूळ मंडलाला हात न लावता त्याचा पुरवठा सुधारण्याचा प्रयत्न करतात, तेव्हा नियामकाची निवड हाच मुख्य प्रश्न असतो. ही निवड केवळ किंमतीवर किंवा कीर्तीवर केल्यास खर्च वाढतो, पण ध्वनी सुधारेलच असे नाही.

गरज : १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनि-तबकडीत (कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये) ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात व प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांनी दर्शविला जातो. त्यामुळे ६५,५३६ पायऱ्या मिळतात. परिवर्तकाचे कमाल प्रदान सामान्यतः २ व्होल्ट (वर्गमध्यमूळ) असते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सु. ५·६६ व्होल्ट. त्यातील एक पायरी सु. ८६ मायक्रोव्होल्ट भरते. १२० डेसिबेल पल्ल्याच्या अलीकडील परिवर्तकात गोंगाटाची पातळी २ व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाइतकी, म्हणजे २ मायक्रोव्होल्टच्या आसपास असावी लागते. याउलट साध्या एकदिशकारकातून मिळणाऱ्या दाबात दशांश व्होल्टची चढउतार असते. या दोन पातळ्यांमधील अंतर भरून काढणे हे नियामकाचे काम होय.

पुरवठ्यातील दोष प्रदानात तीन मार्गांनी शिरतो. पहिला मार्ग संदर्भ दाबाचा. परिवर्तकाचे प्रदान हे अंक व संदर्भ दाब यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून संदर्भ दाबात एक टक्का फरक पडला तर प्रदानातही एक टक्का फरक पडतो आणि त्याला परिवर्तक कोणताही विरोध करू शकत नाही. दुसरा मार्ग कालमापक स्फटिक आंदोलकाचा. त्याच्या पुरवठ्यातील गोंगाटाने स्पंदांच्या वेळा किंचित पुढेमागे होतात. २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या कमाल परमप्रसराच्या संकेतात १६ अंकी पायरीच्या निम्म्याइतकी चूक होण्यास अवघा सु. १२१ पिकोसेकंदांचा फरक पुरतो. तिसरा मार्ग प्रदानाकडील विवर्धकाचा. तेथील क्रियात्मक विवर्धक कमी कंप्रतेस पुरवठ्यातील दोष बऱ्याच प्रमाणात दाबून टाकतात. मात्र कंप्रता वाढते तशी त्यांची ही क्षमता घटत जाते.

ऐतिहासिक आढावा : निर्वात नलिकांच्या काळात स्थिर दाबासाठी वायुयुक्त नलिका वापरीत. अर्धसंवाहक साधने आल्यावर त्यांची जागा झेनर द्विप्रस्थाने घेतली. १९७० च्या सुमारास रॉबर्ट विडलर यांनी नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीसाठी एलएम ३०९ हा ५ व्होल्टचा तीन टोकांचा संकलित नियामक तयार केला. फेअरचाइल्ड कंपनीची ७८०० ही मालिका व तीन टोकांचा समायोजनक्षम एलएम ३१७ हे नियामक त्यानंतर सर्वत्र रूढ झाले व आजही सहज मिळतात. ध्वनिसाधनांसाठी खास नियामकांचा विचार हौशी अभियंत्यांच्या नियतकालिकांतून पुढे आला. त्रुटी विवर्धकाला नियमित झालेल्या दाबावरच चालविण्याची कल्पना वॉल्ट जुंग यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेमुळे अनेकांपर्यंत पोहोचली. २०१५ नंतर उपलब्ध झालेल्या एलटी ३०४२ व एलटी ३०४५ या संकलित नियामकांनी गोंगाट १ मायक्रोव्होल्टच्याही खाली आणला.

प्रकार : एकसरी नियामकात भाराच्या वाटेत एक ट्रँझिस्टर असतो. प्रदानाचा अंश संदर्भ दाबाशी ताडून त्रुटी विवर्धक त्या ट्रँझिस्टरचे वहन कमीजास्त करतो. ७८०५ व एलएम ३१७ हे या प्रकारचे आहेत. समांतर नियामकात स्थिर प्रवाहाच्या उगमापुढे भाराला समांतर असा ट्रँझिस्टर किंवा टीएल ४३१ सारखे साधन जोडतात व भाराला नको असलेला प्रवाह त्यातून वाहू देतात. यामुळे भारातील बदल मागे रोहित्रापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र भार असो वा नसो, कमाल प्रवाह सतत वाहतो व ऊष्मा निर्माण होते. म्हणून हा प्रकार आंदोलक किंवा संदर्भ दाब यांसारख्या लहान व स्थिर भारांनाच शोभतो. खंडन पद्धतीचे नियामक, उदा., भ्रमणध्वनीचे भारक, कार्यक्षम व हलके असतात. परंतु त्यांच्या प्रदानात उच्च कंप्रतेचे अवशेष राहतात. ते वापरायचे असल्यास पुढे छानक व एकसरी नियामक जोडणे इष्ट असते.

निवडीचे निकष : (१) आदान दाब : ७८०५ ला काम करण्यास आदान व प्रदान यांत सु. २ व्होल्टचा फरक लागतो, म्हणजे आदान कोणत्याही क्षणी ७ व्होल्टच्या खाली जाऊ नये. ५० हर्ट्‌झ पुरवठ्याचे पूर्ण तरंग एकदिशकरण केल्यास ऊर्मीची कंप्रता १०० हर्ट्‌झ असते. भार १०० मिलिअँपिअर व धारित्र (कंडेन्सर) २,२०० मायक्रोफॅराड असल्यास ऊर्मी सु. ०·४५ व्होल्ट येते. बाजारात मिळणारे ‘६-०-६’ चे रोहित्र व दोन द्विप्रस्थ (डायोड) वापरल्यास २३० व्होल्ट पुरवठ्यावर किमान आदान ८·५ − ०·७ − ०·४५ = सु. ७·३ व्होल्ट येते. ते जेमतेम पुरते. पुरवठा सहा टक्क्यांनी उतरला की हेच आदान सु. ६·८ व्होल्ट होते, नियामक नियमन सोडतो व १०० हर्ट्‌झची गुणगुण थेट परिवर्तकात जाते. ‘९-०-९’ चे रोहित्र घेतल्यास त्याच उतरलेल्या पुरवठ्यावर किमान आदान सु. १०·८ व्होल्ट राहते. महागडा नियामक बसवूनही गुणगुण जात नसेल, तर प्रथम हा हिशेब तपासावा.

(२) ऊर्मी रोध : आदानातील ऊर्मी प्रदानात किती पटींनी घटते हे डेसिबेलमध्ये सांगतात. ८० डेसिबेल म्हणजे दहा हजार पट. वरील ०·४५ व्होल्ट ऊर्मी त्यामुळे ४५ मायक्रोव्होल्टवर येते. एलएम ३१७ चा ऊर्मी रोध कमी कंप्रतेस सु. ६५ डेसिबेल असतो. समायोजन टोक व भूसंपर्क यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडल्यास तो सु. ८० डेसिबेल होतो. असे धारित्र जोडल्यास संरक्षक द्विप्रस्थही जोडावा, म्हणजे प्रदान अचानक मंडलित झाल्यास धारित्रातील भार नियामकातून वाहून त्यास इजा करणार नाही. कंप्रता वाढत गेली की सर्वच नियामकांचा ऊर्मी रोध घटतो. एलटी ३०४५ मध्ये तो १० लाख हर्ट्‌झ कंप्रतेसही सु. ७६ डेसिबेल राहतो. खंडन पद्धतीच्या पुरवठ्यामागे हाच त्याचा खरा उपयोग होय.

(३) गोंगाट : आदान पूर्णपणे शुद्ध असले, तरी नियामक स्वतःचा गोंगाट निर्माण करतो. एलएम ३१७ मध्ये तो प्रदानाच्या सु. ०·००३ टक्के असतो. ५ व्होल्टला सु. १५० मायक्रोव्होल्ट. ७८०५ मध्ये तो सु. ४० मायक्रोव्होल्ट, तर एलटी ३०४५ मध्ये सु. ०·८ मायक्रोव्होल्ट असतो. मोजमापाचे कंप्रता पट्टे सर्वत्र सारखे नसल्याने ही तुलना ढोबळ आहे. तरीही, समायोजन टोकाला धारित्र नसलेला एलएम ३१७ हा स्वस्त ७८०५ पेक्षा अधिक गोंगाट करतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

(४) स्थैर्य : नियामकात पुनःप्रदाय असल्याने अयोग्य धारित्र जोडल्यास तो आंदोलक बनू शकतो. काही नियामकांना प्रदानाशी ठराविक अंतर्गत रोधाचे धारित्र लागते, तर एलटी ३०४५ ला किमान १० मायक्रोफॅराडचे मृत्तिका धारित्र अगदी जवळ लागते. एक नियामक काढून तेथे ‘अधिक चांगला’ बसविताना जुनी धारित्रे तशीच ठेवल्यास सुधारणेऐवजी बिघाड पदरी पडतो.

(५) ऊष्मा : नियामकात निर्माण होणारी ऊष्मा म्हणजे दाबातील फरक व प्रवाह यांचा गुणाकार. ‘९-०-९’ रोहित्रावर ७८०५ मधून १०० मिलिअँपिअर घेतल्यास सु. ०·७ वॉट निर्माण होतात. कोकणातील उन्हाळ्यात बंद डब्यात बसविलेल्या नियामकाला यासाठी लहानसा हीटसिंक देणे शहाणपणाचे ठरते.

विभागवार मांडणी : सर्व विभागांना एकच उत्तम नियामक देण्यापेक्षा प्रत्येक विभागास त्याच्या गरजेनुसार वेगळा नियामक देणे अधिक फलदायी असते. अंकीय विभागाला ७८०५ किंवा ३·३ व्होल्टचा साधा नियामक पुरतो. संदर्भ दाब व स्फटिक आंदोलक यांना अत्यल्प गोंगाटाचे स्वतंत्र नियामक द्यावेत. खर्च करावयाचा तो येथेच. प्रदान विवर्धकाच्या धन व ऋण पुरवठ्याला समायोजन टोकाशी धारित्र जोडलेले एलएम ३१७ व एलएम ३३७ बहुधा पुरेसे होतात. दोन टप्प्यांत नियमन करावयाचे असल्यास ‘१२-०-१२’ रोहित्र, ९ व्होल्टचा ७८०९ व त्यापुढे ५ व्होल्टला जुळविलेला अल्प गोंगाटाचा नियामक अशी साखळी सोयीची असते. ऊष्माही दोघांत वाटली जाते.

नियामक भारापासून दूर बसविल्यास मधल्या तारेचा रोध व प्रवर्तन यांमुळे त्याचे गुण वाया जातात. म्हणून तो भाराजवळ बसवावा आणि धारित्रांना भरणारा स्पंदित प्रवाह व संकेताचा परतीचा प्रवाह एकाच तारेतून वाहू देऊ नये. टोकांचा क्रम सर्वत्र सारखा नसतो : ७८०० मध्ये तो आदान, भूसंपर्क, प्रदान, ७९०० मध्ये भूसंपर्क, आदान, प्रदान, तर एलएम ३१७ मध्ये समायोजन, प्रदान, आदान असा असतो. धातूची पाठही अनुक्रमे भूसंपर्क, आदान व प्रदान यांना जोडलेली असते. म्हणून एकाच हीटसिंकवर ते बसविताना मध्ये अभ्रकाचा पत्रा घालणे आवश्यक आहे. रोहित्राच्या प्राथमिक बाजूस फ्यूज व धातूच्या पेटीस भूसंपर्क या गोष्टी ध्वनीसाठी नव्हे, तर जीवितासाठी अनिवार्य आहेत.

स्थानिक परिस्थिती : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर एकापुढे एक वसली आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर लघुउद्योगांसाठी व बाजारपेठांसाठी, तर अंबरनाथ व बदलापूर औद्योगिक वसाहतींसाठी ओळखली जातात. येथील हौशी लोकांना सुटे भाग स्थानिक दुकानांत न मिळाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) गाठावा लागतो, त्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात. बदलापूर ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर ६८ किमी. आहे. एका चुकीच्या भागासाठी पुन्हा खेप करण्यात दिवस मोडतो, म्हणून वरील हिशेब खरेदीपूर्वी करणे हिताचे असते.

या पट्ट्यात विजेचे वितरण पूर्वी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ करीत असे. २००५ मधील पुनर्रचनेनंतर ते महावितरण कंपनीकडे आले. भारतीय विद्युत् नियम, १९५६ अन्वये घरगुती पुरवठ्यातील फरक सहा टक्क्यांच्या आत असावा असे ठरविलेले होते. २३० व्होल्टला ही मर्यादा सु. २१६ ते २४४ व्होल्ट होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन होते व त्या काळात घरोघरी बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर आले. त्यांपैकी साध्या इन्व्हर्टरचा तरंग चौरस असतो. त्याचे वर्गमध्यमूळ मूल्य २३० व्होल्ट असले, तरी शिखर मूल्यही तेवढेच असते. ज्या तरंगाचे शिखर सु. ३२५ व्होल्ट असते असा ज्या-तरंगी पुरवठा त्यातून मिळत नाही. म्हणून ‘६-०-६’ रोहित्रातून अशा वेळी केवळ सु. ५·३ व्होल्ट एकदिश दाब मिळतो व ७८०५ निकामी ठरतो. ‘९-०-९’ मधून सु. ८·३ व्होल्ट मिळून तो चालू राहतो.

बाजारातील जुने किंवा नव्याने नाव छापलेले संकलित नियामक हीही एक अडचण आहे. अल्प गोंगाटाचा म्हणून घेतलेला नियामक नुसत्या बहुमापकाने ओळखता येत नाही, कारण ५ व्होल्ट तर स्वस्त नियामकही दाखवितो. पूर्ण भारावरील आदान-प्रदान दाबातील किमान फरक तपासणे, तसेच शक्य असल्यास विवर्धक लावून आंदोलनदर्शकावर प्रदान पाहणे हे उपाय योजावेत.

मर्यादा : नियामकाने मूळ मुद्रणातील दोष, ध्वनिक्षेपकाच्या उणिवा किंवा खोलीतील प्रतिध्वनी दूर होत नाहीत. पुरवठ्यातील दोष परिवर्तकाच्या स्वतःच्या गोंगाटाखाली गेल्यावर आणखी सुधारणा कानाला जाणवत नाही. केलेल्या बदलाचा परिणाम ठरविताना दोन्ही वेळा प्रदानाची पातळी समान राखावी व ऐकणाऱ्यास कोणता नियामक चालू आहे हे कळू देऊ नये. अन्यथा खर्च केलेल्या रकमेचाच प्रभाव निर्णयावर पडण्याचा संभव असतो. पुरेसा आदान दाब, योग्य धारित्रे, आखूड जोडण्या आणि संदर्भ दाबासाठी स्वतंत्र नियामक या चार गोष्टी साधल्यास अल्प खर्चात बांधलेला परिवर्तकही आपल्या रचनेने घातलेल्या मर्यादेपर्यंत काम देऊ शकतो.